अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या हालचालींना घरी हातभार कसा लावावा

सातव्या महिन्यात जन्मलेले आणि दीड महिना काचेच्या पेटीत काढून घरी आलेले बाळ पाच महिन्यांचे होते. एके संध्याकाळी आजी त्याला काखेत धरून मांडीवर उभे करते, बाळ पाय ताठ करते, टाचा उचलून चवड्यांवर उभे राहते, आणि घरभर कौतुक होते, ‘पायांत जोर केवढा आहे बघा!’ मुदतीआधी जन्मलेल्या बाळांबरोबर काम करणारी फिजिओथेरपिस्ट म्हणून हे वाक्य मी इतक्या आयांकडून आणि आज्यांकडून ऐकले आहे की, आता पहिल्याच भेटीत मी ताठपणा आणि जोर यांतला फरक समजावून सांगते. पुढे जे लिहिले आहे ते सारे ह्या एका फरकाभोवतीच फिरते.

आईच्या पोटातले शेवटचे दहा-बारा आठवडे हालचालींच्या दृष्टीने फार मोलाचे असतात. गर्भाशयात जागा अपुरी पडत जाते, त्यामुळे हनुवटी छातीशी, हात तोंडाशी आणि गुडघे पोटाशी अशी बाळाची घडी होते. बाळाने पाय झाडला तरी समोर गर्भाशयाची भिंत लागते आणि पाय पुन्हा मुडपून जागेवर येतो. ह्याच काळात स्नायूंमधला ताण पायांकडून वर हातांकडे चढत जातो. २८ व्या आठवड्यात जन्मलेले बाळ हातपाय पसरून सैल पडलेले दिसते, ३४ व्या आठवड्याच्या सुमारास त्याचे पाय बेडकासारखे दुमडलेले पण हात अजून सैल असतात, आणि पूर्ण दिवसांचे बाळ हातपाय मुडपूनच जगात येते. मुदतीआधी आलेल्या बाळाला ही घडी पुरती मिळालेली नसते. सपाट गादीवर त्याचे खांदे मागे पडतात, मांड्या बाहेर पसरतात, पाठीच्या स्नायूंना काम मिळते आणि पोटाच्या स्नायूंना मिळत नाही. म्हणून अशी बाळे मागे कमान करतात, मान मागे टाकतात आणि उभे धरले की पाय ताठ करतात. बऱ्याच बाळांमधला हा ताठरपणा वर्ष-दीड वर्षात ओसरतो. काहींमध्ये मात्र ती मेंदूला झालेल्या इजेची पहिली खूण असते. हा निवाडा करणे डॉक्टरांचे काम आहे. घरच्यांचे काम वेगळे आणि तितकेच महत्त्वाचे आहे, ते म्हणजे बाळाला आधी वाकायला शिकू देणे आणि ताठ होण्याची घाई न करणे.

बाळ नुकतेच घरी आले असेल, त्याला ऑक्सिजन चालू असेल किंवा एखादी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर पुढील कोणतीही गोष्ट सुरू करण्यापूर्वी आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावे.

वय कसे मोजावे

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानले जाते. अशा बाळाची प्रगती जन्मतारखेवरून मोजली तर ते नेहमीच मागे दिसेल, म्हणून डॉक्टर ज्याला ‘करेक्टेड एज’ म्हणतात ते सुधारित वय धरावे लागते. हिशेब सोपा आहे. ४० आठवड्यांतून बाळ जितक्या आठवड्यांचे जन्मले ते वजा करावे, आणि जे उरेल ते आजच्या वयातून वजा करावे. ३० आठवड्यांचे जन्मलेले बाळ दहा आठवडे आधी आले. ते आज सहा महिन्यांचे, म्हणजे २६ आठवड्यांचे असेल, तर त्याचे सुधारित वय १६ आठवडे, म्हणजे चार महिन्यांहूनही थोडे कमी होते. त्याच्याकडून बसण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ते मान धरते का, हात छातीसमोर आणते का, एवढेच पाहायचे. हे वय साधारण दोन वर्षांपर्यंत वापरले जाते. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात, ह्यात गल्लत होऊ देऊ नये.

उष्टावणाला किंवा पहिल्या वाढदिवसाला जमलेले नातेवाईक हटकून विचारतात, ‘अजून बसत नाही?’ अशा वेळी आईने उत्तर द्यावे की हे बाळ कागदावर आठ महिन्यांचे असले तरी हालचालींनी साडेपाच महिन्यांचेच आहे. सातव्या महिन्यातले बाळ जगते आणि आठव्यातले जगत नाही, ही समजूतही अजून ऐकू येते. ती पूर्णपणे चुकीची आहे. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

तुलनेसाठी काही आकडे हाताशी असावेत. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी मुलांवरून ठरवलेल्या मर्यादा बघितल्या तर आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने, हातागुडघ्यांवर रांगणे ५.२ ते १३.५ महिने आणि एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिने एवढ्या मोठ्या पट्ट्यात पसरलेले दिसते. आपल्या बाळाचे सुधारित वय ह्या पट्ट्यांत ठेवून बघितले की निम्मी चिंता आपोआप कमी होते, आणि उरलेली चिंता कोणत्या गोष्टीची करायची तेही कळते.

छातीशी धरणे हाच पहिला व्यायाम

हालचालींचे काम पेटीतून बाहेर आल्यावर सुरू होते असे नाही. १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा शहरात, पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी बाळे आयांच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली आणि कांगारू मातृसेवा जन्माला आली. बाळांचा जीव वाचवण्यातले तिचे यश आता सर्वमान्य आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मानंतर लगेच ही सेवा सुरू केलेल्या कमी वजनाच्या बाळांमधील मृत्यूंचे प्रमाण २५ टक्क्यांनी कमी आढळले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना दिवसाचे ८ ते २४ तास, जितके जमेल तितके, असे बाळाला धरण्याची शिफारस करते.

मला ह्या सेवेचे आणखी एका कारणासाठी अप्रूप आहे. छातीवर उभे धरलेल्या बाळाचे गुडघे पोटाशी येतात, हात छातीच्या मध्यावर येतात, पाठ गोल होते. पोटातली राहून गेलेली घडी इतक्या सहजपणे दुसऱ्या कशानेही मिळत नाही. बाळाला फक्त लंगोट आणि टोपडे घालावे, आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे ठेवावे, पाय बेडकासारखे दुमडलेले आणि मान एका बाजूला वळवून किंचित वर असावी, म्हणजे नाक मोकळे राहते. वरून सुती साडीच्या पट्ट्याने किंवा उपरण्याने दोघांना एकत्र बांधावे. पट्टा बाळाच्या कानाखाली संपावा आणि बाळाच्या पोटावर आवळलेला नसावा. आई थोडी मागे रेलून बसली की बाळाला श्वास सोपा जातो. एका वेळी निदान तासभर तरी धरावे, कारण बाळाला सारखे उचलून ठेवल्याने त्याचा शीण वाढतो. वडील, आजी, आत्या कोणीही हे करू शकते. वडिलांनी तर करावेच; रात्रीचा एक तास त्यांनी घेतला तर आईला झोप मिळते. बाळ स्वतःच चुळबुळ करून पट्ट्यातून बाहेर यायला बघू लागले की ही सेवा पुरे झाली असे समजावे.

बाळ केव्हा थकले हे ओळखणे

व्यायाम किती मिनिटे करावा हा प्रश्न मला रोज विचारला जातो. घड्याळापेक्षा बाळाकडे बघावे. बोटे पंख्यासारखी फाकवणे, एकामागून एक उचक्या किंवा जांभया येणे, नजर चुकवणे, कपाळाला आठ्या पडणे, अंग मागे ताणणे, अंगाचा रंग फिका किंवा चट्ट्याचट्ट्यांचा होणे, ही बाळाची ‘आता पुरे’ म्हणण्याची भाषा आहे. ती दिसली की हात थांबवावेत, बाळाचे दोन्ही हात छातीवर एकत्र आणून तळव्याने हलकेच धरून ठेवावेत आणि दुसरा हात तळपायांखाली द्यावा. ते शांत झाले तर पुन्हा थोडे करावे, नाही तर सोडून द्यावे. दूध पाजल्यावर निदान अर्धा-पाऊण तास कोणतीही हालचाल करून घेऊ नये. भुकेल्या किंवा झोपाळू बाळाकडूनही करून घेऊ नये. दिवसातून सहा-सात वेळा दोन-तीन मिनिटे हे एकदाच वीस मिनिटांपेक्षा कितीतरी चांगले.

रोजच्या कामांतून होणारा व्यायाम

खरे काम व्यायामाच्या वेळेत होत नाही, ते दिवसातून दहा-बारा वेळा लंगोट बदलताना आणि बाळाला उचलताना होते. लंगोट बदलताना दोन्ही पाय एका हाताने घोट्यांशी धरून वर उचलण्याची सवय बहुतेकांना असते. त्याऐवजी बाळाचे गुडघे पोटाशी आणावेत, त्याला हळूच एका कुशीवर वळवावे, लंगोट खाली सरकवावा आणि दुसऱ्या कुशीवर वळवावे. एवढ्याने त्याला कुशीवर वळण्याचा सराव रोज विनासायास मिळतो. उचलतानाही सरळ काखेतून वर न उचलता आधी कुशीवर वळवून, डोके आणि कुल्ले यांना आधार देऊन, गोळा करून उचलावे. जागे असताना थोडा वेळ कुशीवर ठेवून पाठीमागे गुंडाळलेल्या दुपट्याचा टेकू द्यावा आणि आपण समोर बसावे. कुशीवर असताना दोन्ही हात आपोआप समोर येऊन एकमेकांना आणि तोंडाला लागतात, जे उताणे असताना ह्या बाळांना जमत नाही. एक दिवस डावी, एक दिवस उजवी, असा क्रम ठेवावा.

इथे एक गोष्ट फार काळजीपूर्वक समजून घ्यायला हवी. रुग्णालयात बाळाभोवती दुपट्यांच्या गुंडाळ्यांचे घरटे केलेले असते, तिथे त्याला पालथेही झोपवतात, आणि ते पाहून पालक घरी तसेच करतात. रुग्णालयात श्वासावर आणि ठोक्यांवर यंत्राची अखंड नजर असते, घरी नसते. म्हणून घरी झोपताना बाळ नेहमी उताणे, सपाट आणि घट्ट गादीवर, आजूबाजूला उशी, गुंडाळी, मऊ खेळणे काहीही नसताना झोपवावे. कुशीवर ठेवणे, टेकू देणे, पालथे घालणे हे सारे बाळ जागे असताना आणि कोणीतरी शेजारी बसलेले असतानाच करायचे.

दुपट्यात गुंडाळताना हात छातीवर समोर घ्यावेत, अंगालगत सरळ दाबून बांधू नयेत, आणि कमरेखाली दुपटे इतके सैल असावे की बाळाला मांड्या फाकवून गुडघे वर घेता येतील. पाय सरळ करून काडीसारखे बांधल्याने पाय सरळ वाढतात, हा समज खरा नाही. त्याने खुब्याचा सांधा निखळण्याचा धोका मात्र वाढतो. झोळीत बाळ चटकन झोपते हे खरे असले तरी तिच्यात हनुवटी छातीवर टेकून श्वास कोंडू शकतो आणि हातपाय हलवायला वावही राहत नाही. लाकडी पाळणा किंवा जमिनीवरची गादी बरी. पाळण्यावर टांगलेली खेळणी डोक्याच्या वर आणि मागे असतील तर बाळ त्यांच्याकडे बघायला मान मागे टाकते, म्हणजे नेमके नको तेच शिकते. ती छातीच्या वर येतील अशी सरकवावीत. मोहरीची उशीही झोपेत वापरू नये. डोके एका बाजूने चपटे होऊ नये म्हणून बाळाचे डोके रोज पाळण्याच्या आलटून-पालटून टोकांना ठेवावे, म्हणजे ते दारातून येणाऱ्या उजेडाकडे आणि आवाजाकडे दोन्ही बाजूंनी मान वळवते.

बाळ जागे असताना हातमोजे काढून ठेवावेत. नखे बोचतील ही भीती रास्त आहे, पण नखे कापता येतात. मुठीत कोंडलेला हात मात्र तोंडाशी जायला शिकत नाही, आणि हात तोंडाशी जाणे ही पुढच्या पकडण्याची पहिली पायरी आहे.

मालीश

ह्या विषयावर मालीशवाल्या मावशी आणि डॉक्टर यांच्यात आई भरडली जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मालीश वाईट नाही. हलक्या, सावकाश आणि स्थिर दाबाच्या मालिशीने बाळ शांत होते, त्याला स्वतःच्या शरीराची जाण येते, वजन वाढायलाही मदत होते. पण ती वजन नीट वाढू लागल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावरच सुरू करावी. पोटातल्या बाळाच्या हाडांत कॅल्शियम आणि फॉस्फरस भरण्याचे बहुतेक काम शेवटच्या तीन महिन्यांत होते. ते तीन महिने ज्याला मिळालेच नाहीत त्याची हाडे ठिसूळ असू शकतात, आणि एरवी पूर्ण दिवसांचे बाळ सोसते तो रट्टा ह्या बाळाला सोसेलच असे नाही. हात-पाय आडवेतिडवे ओढून ताणणे, एका हाताने आणि एका पायाने उचलणे, घोट्यांना धरून उलटे लटकवणे, नाक-टाळू दाबून ‘आकार देणे’, छाती पिळणे, हे प्रकार ह्या बाळाच्या बाबतीत निक्षून बंद करावेत. मावशींना दुखवायची गरज नाही. डॉक्टरांनी सांगितले आहे म्हणून पहिले सहा महिने फक्त आईच हात लावणार, एवढे सांगितले की बहुतेक मावश्या समजून घेतात, आणि पुष्कळ जणी हलका हात कसा लावायचा हेही उत्तम शिकतात.

खोबरेल तेल पुरेसे आहे. मोहरीचे तेल नाजूक त्वचेला टाळावे. खोली उबदार असावी. पायांपासून सुरुवात करावी, कारण तिथे बाळ हात सहज लावू देते. तळव्याने मांडीकडून घोट्याकडे, खांद्याकडून मनगटाकडे, पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. प्रत्येक हाताला आणि पायाला तेल लावून झाले की तो मुडपून पोटाशी किंवा छातीशी न्यावा आणि क्षणभर तिथे थांबावे. ताणण्यावर नव्हे, ह्या मुडपण्यावर भर द्यावा. शेवटी गुडघे पोटाशी नेऊन कुल्ले हलकेच जमिनीवरून उचलले जातील इतकेच वर घ्यावेत आणि डावी-उजवीकडे झुलवावे. कंबर आणि पोट दोन्ही मोकळी होतात.

पाटावर बसून, पाय लांब करून, पायांवर बाळाला पालथे घालून आंघोळ घालण्याची आपली जुनी रीत हालचालींच्या दृष्टीने चांगली आहे, कारण पालथे असताना बाळ मान उचलते. पण अपुऱ्या दिवसांचे बाळ लवकर गारठते, आणि तांब्याने पाणी ओतताना नाकातोंडात जाऊ शकते. म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत ओल्या फडक्याने पुसणेच योग्य. शेगडीचा शेक आणि ओवा-शेपांची धुरी मात्र कधीच नको. महिनाभर यंत्राने श्वास घेतलेल्या फुप्फुसांना धूर सोसत नाही, आणि श्वासाला धडपडणाऱ्या बाळापाशी हालचालींसाठी ताकद उरत नाही.

पालथे घालणे

मान धरण्यासाठी, आणि पुढे पालथे पडण्यापासून रांगण्यापर्यंतच्या साऱ्या टप्प्यांसाठी, जागेपणी पालथे राहणे लागतेच. ह्या बाळांना ते आवडत नाही, रडतात, आणि आईला वाटते की त्रास होतोय म्हणून सोडून द्यावे. सोडू नये, अवघडपणा कमी करावा. पहिल्यांदा आईने उशीला टेकून मागे रेलावे आणि बाळाला छातीवर पालथे घालावे. उतार असल्याने डोके उचलायला कमी ताकद लागते, आणि वर आईचा चेहरा दिसत असतो. चार-पाच दिवसांनी आणखी थोडे आडवे व्हावे. मग मांडीवर आडवे पालथे घालावे, एक हात कुल्ल्यांवर ठेवून. त्यानंतर जमिनीवर सतरंजी, तिच्यावर गोधडी, आणि छातीखाली गुंडाळलेला टॉवेल. बाळाचे दोन्ही हात टॉवेलच्या पुढे यावेत आणि कोपरे खांद्यांच्या खाली असावीत. कुल्ल्यांवर आपला तळहात अलगद ठेवला की वजन मागे जाते आणि डोके उचलणे सोपे होते. हा बारकावा फार थोड्या जणांना ठाऊक असतो आणि त्याने फार फरक पडतो. आपण समोर पालथे झोपून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर चेहरा आणावा आणि बोलावे. एक मिनिटाने सुरुवात करावी. सुधारित वयाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत दिवसभरातले मिळून अर्धा तास झाला तर उत्तम.

हात, पाय आणि पोट

सुधारित वयाच्या तिसऱ्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंतचे मुख्य काम आहे हात छातीसमोर आणणे, मग गुडघ्यांना, मग पावलांना लावणे. बाळाला आपल्या दुमडलेल्या मांड्यांवर, तोंड आपल्याकडे करून, उताणे ठेवावे. त्याचे कुल्ले आपल्या पोटाशी आणि डोके गुडघ्यांशी येते. ह्या स्थितीत खांदे आपोआप पुढे येतात. तिथे त्याचे हात त्याच्याच गालांना, पायांना लावावेत, पावलांनी टाळ्या वाजवाव्यात. आपल्याकडे बाळाच्या पायात वाळे घालतात, त्यांचा उपयोग इथे होतो, कारण पाय हलला की आवाज होतो, बाळ पायाकडे बघते, आणि एक दिवस पाय पकडून तोंडात घालते. पाय तोंडात घालणाऱ्या बाळाचे पोटाचे स्नायू कामाला लागलेले असतात, आणि मागे कमान करणाऱ्या बाळाला ह्याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही. वाळ्यांची टोके बोचरी नसावीत, घुंगरू सुटणारे नसावेत आणि झोपताना वाळे काढावेत.

मान स्थिर झाली की बाळाला कडेवर घ्यावे. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढणाऱ्या बाळासाठी कडेवर बसणे फारच उपयोगाचे असते, कारण मांड्या सहज फाकलेल्या राहतात. फक्त रोज एकाच कडेवर घेऊ नये.

बसणे आणि रांगणे

चहूबाजूंनी उशा लावून बाळाला बसवून ठेवल्याने बसणे येत नाही. पाठीचा कणा वाकतो आणि बाळ उशांवर सांडून राहते. आपण मांडी घालून बसावे, बाळाला मांडीच्या खळग्यात बसवावे, हात आधी त्याच्या छातीशी, मग कमरेशी, मग फक्त कुल्ल्यांशी ठेवत आधार खाली नेत जावा. समोर खेळणे ठेवून त्याला दोन्ही हातांचा टेकू घेऊ द्यावा. कुशीवरून हात टेकून उठून बसणे त्याला शिकवावे, हात धरून उताण्यावरून ओढून बसवू नये.

रांगण्यासाठी जमीन लागते. पलंगावर वाढलेले बाळ रांगायला उशीर करते, हे मी ठामपणे सांगेन. चटई-सतरंजीवर त्याला पालथे सोडावे, वाटी-चमच्यासारखी घरातलीच वस्तू हाताच्या टप्प्याबाहेर थोडी बाजूला ठेवावी, म्हणजे ते पोटावर फेर धरून वळते. पुढे सरकू लागले की तळपायाला आपल्या तळहाताचा टेकू द्यावा. बाळ सारखे दोन्ही पाय मागे दुमडून, कुल्ले पावलांच्या मध्ये टेकवून बसत असेल, तर हळूच पाय पुढे करून द्यावेत.

उभे राहण्याची घाई

पुन्हा आजीच्या मांडीपाशी येऊ. सुधारित वयाच्या आठ-नऊ महिन्यांआधी बाळाला उभे करून नाचवणे, उड्या मारायला लावणे टाळावे. ते चवड्यांवर ताठ होते, पोटऱ्या आखडतात, आणि वाकण्यासाठी लागणारे स्नायू तसेच पडून राहतात. त्याच कारणाने बाळाला मध्ये बसवून चाकांवर फिरवणारा वॉकर घरात आणू नये. त्यात बाळ चवड्यांनी ढकलत जाते, स्वतःचे पाय बघू शकत नाही, तोल सांभाळायला शिकत नाही, आणि जिन्यावरून पडण्याचा किंवा गरम भांड्यापर्यंत पोहोचण्याचा धोका असतोच. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा आहे. तो बाळ स्वतः उभे राहून ढकलते, तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. खाटेला किंवा स्टुलाला धरून बाळ उभे राहू लागले, बाजूने पावले टाकू लागले आणि टाचा जमिनीला टेकू लागल्या की पांगुळगाडा खुशाल द्यावा. फक्त तो जड असावा, नाही तर पुढे पळतो. घरात बाळ अनवाणीच असावे.

केव्हा थांबून दाखवावे

डोळे आणि कान यांच्या तपासण्या चुकवू नयेत, कारण ज्याला दिसत नाही ते बाळ मान उचलायला कारणच शोधत नाही. भारतात ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासून घ्यायचा असतो. फार लवकर जन्मलेल्यांचा त्याहीआधी. टाळूवरून केलेल्या मेंदूच्या सोनोग्राफीचा अहवाल जपून ठेवावा आणि प्रत्येक भेटीला न्यावा. पायांकडे जाणारे मज्जातंतू मेंदूतील पोकळ्यांच्या अगदी जवळून जातात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये इजा बहुधा तिथेच होते. म्हणून ह्या बाळांचे पाय आधी आखडतात.

सुधारित वयाच्या चौथ्या महिन्यानंतरही मूठ सतत मिटलेली आणि अंगठा आत असेल, मान सावरत नसेल, लंगोट बदलताना मांड्या दिवसेंदिवस जास्त घट्ट लागत असतील, बाळ एकाच बाजूला बघत असेल, वर्षाच्या आत एकाच हाताने सगळे करत असेल, नवव्या महिन्यानंतरही बसत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट करायचे थांबले असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. ‘मुले उशिराच करतात’ हे सांत्वन अशा वेळी महाग पडते, कारण उपचार जितके लवकर सुरू होतात तितका मेंदू जास्त शिकतो.

जायचे कुठे, हा ग्रामीण भागातला खरा प्रश्न असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमधूनच झाली, आणि त्याखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे, म्हणजे बाळाच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार सुरू करणारी केंद्रे, उभी राहिली. तिथे बालरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपी एकाच छताखाली मिळणे अपेक्षित आहे आणि सेवा मोफत असते. वाट आशाताईंना ठाऊक असते. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची जी पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आरोग्यदूतांकरवी उभी केली, तीच आशाताईंच्या गृहभेटींच्या मुळाशी आहे. त्यांना बाळाचे सुधारित वय काढून दाखवावे आणि आपल्या शंका मोकळेपणाने सांगाव्यात.

भेटीच्या आधी घरी एक चित्रफीत काढून न्यावी. दवाखान्यात बाळ हमखास झोपलेले किंवा रडत असते आणि खरी हालचाल दिसतच नाही. बाळ पोट भरलेले, जागे आणि शांत असताना त्याला झबले-लंगोटावर, साध्या चादरीवर उताणे ठेवावे, खेळणी बाजूला करावीत, त्याच्याशी बोलू नये, आणि पायांच्या बाजूने मोबाइल असा धरावा की डोक्यापासून पायांपर्यंत सगळे बाळ दिसेल. तीन ते पाच मिनिटे पुरतात. सुधारित वयाच्या तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात घेतलेली अशी चित्रफीत विशेष मोलाची असते. ह्या वयात निरोगी बाळाच्या सर्वांगात बारीक, अखंड चुळबूळ चालू असते, आणि बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचालींवरून मेंदूची स्थिती ओळखण्याच्या, हाइन्झ प्रेख्टल यांनी घालून दिलेल्या पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर ती चुळबूळ आहे की नाही, हे पाहूनच पुष्कळ काही सांगू शकतो. चित्रफितीच्या नावात तारीख आणि सुधारित वय लिहून ठेवावे, आणि दर महिन्याला एक नवी काढावी.